मालवणात राहताय ना? मग आधी जेवणाची वेळ ठरवा, फिरायचं नंतर

नमस्कार मंडळी! आज मालवण. मालवणला जाणाऱ्यांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो बघा, उशिरा उठायचं, नाश्ता करून अकरा-साडेअकराला किल्ल्यावर, भर उन्हात वर फिरून तीनला खाली यायचं आणि मग भुकेने जीव चाललाय म्हणून समोर दिसेल त्या हॉटेलात सुरमई थाळी मागवायची. तोपर्यंत चांगली मासळी संपलेली असते हो! म्हणून माझं एकच म्हणणं आहे, मालवणात दुपारचं जेवण मधोमध ठेवा आणि बाकी सगळं फिरणं त्याच्या आजूबाजूला बसवा.

किल्ला सकाळीच करायचा, बोटी सुरू झाल्या झाल्या. जेट्टीवरून होडी मिळते, थोड्याच वेळात तुम्ही सिंधुदुर्गच्या तटाखाली असता, आणि इथे एक गंमत बघा, अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठाय तेच कळत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय की समुद्रातून येणाऱ्या शत्रूला नुसती भिंत दिसावी. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला, पायाचे दगड शिसं ओतून बसवलेत आणि तट साधारण तीन किलोमीटर लांब आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि तटावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते बघितल्याशिवाय खाली उतरू नका. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी पण बघा, चारही बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं पाणी, मला तर दर वेळी तिथे थांबावंसंच वाटतं. आणि हो, गडावर अजून काही कुटुंबं राहतात, ती त्यांची घरं आहेत, दारात कॅमेरा घालू नका प्लीज.

आता जेवण, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. साडेबारा-एकच्या आत खानावळीत बसा. आणि बसल्या बसल्या मेन्यू कार्ड मागू नका, काकींना किंवा दादांना सरळ विचारा की आज ताजं काय आलंय. सुरमई, पापलेट वर्षभर मागितलं जातं म्हणून ते बऱ्याचदा बर्फातलं असतं, बाहेरून आलेलं पण असतं, आणि त्याच दिवशी सकाळी किनाऱ्यावर आलेले सौंदाळे, मुडदुशे, तारली, पेडवे, लेपे असे मासे मात्र कुणी विचारत नाही. मुडदुशे तळलेले खाऊन बघा एकदा, काटा सुटतो पटकन आणि आतून एकदम मऊ, आणि किंमत सुरमईपेक्षा बरीच कमी.

आणि बांगड्याचं तिखलं दिसलं तर सोडू नका. त्यात तिरफळ असतं, हा कोकणातला मिरीसारख्या छोट्या फळाचा मसाला. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकतात, नुसतं टरफल किंचित ठेचून घालतात, मग त्याचा एक वेगळाच वास सगळ्या रस्स्याला लागतो आणि जिभेला हलक्या मुंग्या आल्यासारखं होतं. तिरफळ चावायचं नसतं, ताटात आलं की बाजूला काढून ठेवायचं. माशाच्या आमटीला ओल्या खोबऱ्याचं वाटप आणि आंबटपणाला कोकम, आणि कोंबडीच्या रस्स्याला तेच खोबरं आणि कांदा चांगला खरपूस भाजून, म्हणून दोन्हींची चव इतकी वेगळी लागते. जे मासे खात नाहीत त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची सांबार आणि वडे, हे काही नाइलाजाचं जेवण नाही हां, कोकणात सणासुदीला आवडीने करतात.

सोलकढीबद्दल एक सांगते. चांगली सोलकढी म्हणजे ताज्या नारळाचा रस, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, बस्स. रंग फिका गुलाबी येतो. अगदी भडक गुलाबी आणि पाण्यासारखी पातळ आली तर ती पहिल्या वाटीवरच थांबवा.

अजून एक, सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा संकष्टीला इकडच्या बऱ्याच घरांत मासे होत नाहीत. होमस्टेमध्ये उतरणार असाल तर हे आधीच विचारून ठेवा, आणि तो दिवस धामापूरच्या तलावाला द्या. १५३० मध्ये बांधलेला तलाव आहे हा, काठावर भगवतीचं मंदिर, आजूबाजूला गर्द झाडी, कुडाळच्या रस्त्यावरच लागतो. मला विचाराल तर गर्दीच्या बीचपेक्षा इथे जास्त शांत बसता येतं.

जेवण झालं की झोपा. खरंच झोपा, दुपारी बीचवर काही नसतं, नुसती तापलेली वाळू. चार-साडेचारला बाहेर पडा, आणि होड्या लागल्या असतील तर बंदरावर लिलाव बघा, मासळीचे ढीग वाळूवर मांडलेले असतात आणि बोली इतकी भराभर चढते की आपल्याला कळायच्या आत माल गेलेला असतो. तिथे मधे उभं राहून रील काढू नका, त्यांची दिवसभराची कमाई त्या काही मिनिटांत ठरते. मग चिवला बीच किंवा रॉक गार्डन, सूर्यास्त दोन्हीकडून मस्त. तारकर्ली-देवबागला जायचं तर वेगळा दिवस ठेवा, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे ती अरुंद पट्टी, हे घाईत बघायचं ठिकाणच नाही. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोराने किनाऱ्याकडे ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराला हात लावू का म्हणून आधी विचारा, बहुतेक वेळा लावू देतात.

स्कुबा, स्नॉर्कलिंग करणार असाल तर ते जेवणाआधी आणि हलक्या पोटाने. आणि पाण्याखाली प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही, गाइड म्हणाला चालतं तरी नाही. १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे हे.

कधी जायचं? १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या अंडी घालण्याचा काळ, आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद. तेव्हा ताटात आलेलं पापलेट कुठून आलं असेल हे तुम्हीच ओळखा. आणि एरवीसुद्धा तळहातापेक्षा लहान पापलेट समोर आलं तर नको म्हणा. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या माशांना कमीत कमी किती आकार हवा ते ठरवून दिलंय, पापलेट त्यात आहे आणि त्याच वर्षी त्याला राज्यमासा पण केलंय. पिल्लंच खाऊन टाकली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार, हे मालवणचे पारंपरिक मच्छीमार कधीपासून सांगतायत.

निघताना बाजारात एक चक्कर मारा, गुळातला आल्याचा खाजा घ्या, आगळाची बाटली घ्या, आणि सुकट किंवा सोडे घेतलेत तर दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून मग घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, कुडाळवरून ट्रेनने रात्रभर प्रवास आहे आणि डब्यात बाकीचे लोक पण आहेत.