हात धुण्याची सोय

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं माणूस दवाखान्यात भरती केलं की आपण डॉक्टर कोण आहेत, औषधं कोणती लिहून दिली आणि खर्च किती येईल हे विचारतो. पण ज्या दुखण्यासाठी त्याला आणलं, त्याहून वेगळाच एखादा संसर्ग त्याला तिथल्या तिथे होईल का, हे फारसं कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथे असतानाच निदान एक तरी संसर्ग होतो. त्या संसर्गग्रस्तांपैकी दहातला एक दगावतो. हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते पुष्कळदा हातांवरून. आणि ते हात उपचार करणाऱ्यांचेच असतात.

ही गोष्ट ओळखणारा डॉक्टर होता इग्नाझ सेमेलवाइस. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तेव्हा बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांकडे, दुसरा सुइणींकडे. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या सुमारे ११ बाळंतिणी दगावल्या, सुइणींकडे तीनहूनही कमी. बायका गयावया करायच्या, आम्हाला पहिल्या विभागात घालू नका म्हणून. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येत, हे सेमेलवाइसने हेरलं. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले मृत्यू जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले.

तरीही त्याचं ऐकलं गेलं नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे मान्य करणं डॉक्टरांना जड गेलं. तो चिडला, विरोधकांना खुनी म्हणाला. त्याची चीड मला समजते. पण रागावून लोकांची हात धुण्याची सवय बदलत नाही, हेही त्याच्याच कहाणीतून दिसतं.

आता दीडशे वर्षं पुढे, जिनिव्हाला येऊ. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या डॉक्टरांनी आपल्या पथकासह नर्स आणि डॉक्टरांचं काम पाहिलं, मोजलं. १९९४ मध्ये जिथे हात स्वच्छ करायला हवे होते, त्यातल्या निम्म्याहून कमी वेळा ते होत होते. हे सगळे शिकलेसवरलेले, जंतू म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असलेले लोक. मग असं का? हिशोब सोपा निघाला. अतिदक्षता विभागात नर्सला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करावे लागतात. साबणपाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं आलंच. सगळं नियमाने केलं, तर तासातली वीसएक मिनिटं बेसिनपाशीच जातील. रुग्णाकडे बघायचं कधी?

म्हणून त्यांनी अल्कोहोलची बाटली रुग्णाच्या खाटेपाशीच आणून ठेवली. २० ते ३० सेकंद हातावर चोळायचं, आपोआप वाळतं. सोबत शिकवणं आणि मोजून दाखवणं चालूच होतं. तीन वर्षांत हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं, आणि रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण १९९८ पर्यंत जवळपास १७ वरून १० टक्क्यांखाली आलं.

हे द्रावण कुणाच्या मालकीचं नाही. आरोग्य संघटनेने त्याची कृती जगाला मोकळी करून दिली: ८० टक्के इथेनॉल, हात फुटू नयेत म्हणून थोडं ग्लिसरीन, आणि द्रावणातच जंतूंचे चिवट बीजाणू राहू नयेत म्हणून किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. आफ्रिकेत मालीची राजधानी बामाको इथल्या रुग्णालयाने उसापासूनच्या अल्कोहोलचं ते स्वतः तयार केलं. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनीही २०२० साली सॅनिटायझर बनवलंच होतं. म्हणजे हे आपल्या आवाक्यातलं आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा, हात मळलेले किंवा रक्ताने, घाणीने माखलेले असतील तर साबण-पाणीच हवं. आणि हातमोजे घातले म्हणजे झालं, असं नाही. मोज्यांनी एका रुग्णाला हात लावून त्याच मोज्यांनी दुसऱ्याला लावला, तर जंतूंना काय फरक पडतो?

नर्सवर खेकसू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळत असते. आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२२ मध्ये सांगितलं की जगातल्या निम्म्या आरोग्य केंद्रांत रुग्ण तपासण्याच्या जागी किंवा शौचालयात, निदान एकीकडे तरी हात स्वच्छ करण्याची साधी सोयही नाही. नळाला पाणीच नसेल तर ती काय करणार?

तरी विचारायचं मात्र जरूर. ड्रेसिंग बदलायच्या आधी, सलाईनला हात लावायच्या आधी, "सिस्टर, हातावर जरा सॅनिटायझर घ्याल का?" एवढं नम्रपणे म्हणता येतं. आपणही रुग्णाला भेटण्याआधी आणि निघताना हात स्वच्छ करावेत, त्याच्या खाटेवर बसू नये. लघवीची नळी किंवा सलाईनची सुई लावलेली असेल, तर रोज डॉक्टरांना विचारा, "ही अजून गरजेची आहे का?" नळी जितके दिवस राहते, तितका संसर्गाचा धोका वाढतो. गरज संपली की ती त्याच दिवशी निघायला हवी.

आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर पुढच्या बैठकीआधी त्यांना गाठा. प्रसूतीच्या खोलीतल्या बेसिनला पाणी येतं का, साबण आहे का, प्रत्येक खाटेपाशी बाटली आहे का, आणि ती संपली की कोण भरतं, एवढं बैठकीत विचारायला सांगा.

नमस्कार.