एकच गोष्ट बदलून बघा

मित्रहो, ‘पेशी हे सजीवांच्या रचनेचं आणि कार्याचं मूलभूत एकक आहे’ हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. परीक्षेत ते लिहिलं की गुण मिळतात. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, ही समजूत अशा वाक्यांमुळेच पक्की होते. ती मला मनापासून खटकते. म्हणून आज या विषयातल्या दोन-तीन साध्या विधानांना मी एकच प्रश्न विचारणार आहे: हे कशावरून?

पेशींपासून सुरुवात करू. 1665 मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना ओळीने रिकामे कप्पे दिसले. दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. आतला जिवंत ऐवज कधीच सुकून गेला होता. पुढे 1838 मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींबाबत आणि 1839 मध्ये श्वान यांनी प्राण्यांबाबत सांगितलं की सगळं शरीर पेशींचंच बनलेलं आहे. ते बरोबर होतं. पण नवी पेशी येते कुठून, या प्रश्नावर दोघंही चुकले. एखाद्या द्रावणात स्फटिक तयार व्हावा तशी पेशी द्रवातून घडते, असं त्यांना वाटत होतं. रॉबर्ट रेमाक यांनी वाढत्या भ्रूणात पेशी दुभंगताना पाहिल्या, आणि 1855 मध्ये विर्शो यांनी ‘प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते’ हे ठामपणे मांडलं. म्हणजे आज एका दमात म्हटल्या जाणाऱ्या पेशी सिद्धांतातला एक भाग त्याच्या मूळ मांडणीत चक्क उलटा होता.

आता एक प्रयोग बारकाईने बघू. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तुम्ही तो केलाही असेल. ऱ्होइओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. तिथला पातळ पापुद्रा सोलून काचपट्टीवर साध्या पाण्यात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकातून एकमेकींना चिकटलेल्या, काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेल्या पेशी दिसतात. मग मिठाचं तीव्र द्रावण सोडायचं. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटायला लागतो. आधी कोपऱ्यांतून, मग सगळीकडून. शेवटी भिंत जागच्या जागी आणि तिच्या आत आक्रसलेला जांभळा गोळा, असं चित्र दिसतं.

इथे बहुतेक जण वहीत ‘परासरण’ (पडद्यातून पाणी तीव्र द्रावणाकडे जाणं) असं लिहून थांबतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे. कोणी म्हणेल, मिठाने पेशी मेली. ठीक, मग मीठ धुऊन पुन्हा साधं पाणी द्या. गोळा फुगतो आणि पेशी पूर्वीसारखी भरते. मेलेली पेशी असं करत नाही. कोणी म्हणेल, हा मिठाचाच काही खास गुण असेल. मग साखरेचं तीव्र द्रावण घ्या, परिणाम तोच. तिसरा म्हणेल, नुसता वेळ गेल्यामुळेही असं होत असेल. म्हणून दुसरा पापुद्रा तेवढाच वेळ साध्या पाण्यात ठेवायचा. त्यात काही बदल होत नाही. आणि चौथा पापुद्रा आधी उकळून घ्यायचा. त्यातला रंग बाहेर झिरपून जातो आणि मिठाच्या द्रावणात काहीच आक्रसत नाही.

निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा चौकटी आपण बाणांनी जोडून काढतो. त्या चुकीच्या नाहीत, पण पद्धतीचा जीव त्यांत सापडत नाही. तो त्या साध्या पाण्यातल्या पापुद्र्यात आहे, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक पडला तर तो कशामुळे, हे सांगता येतं.

या प्रयोगातून एवढं कळलं की भिंतीच्या आत आणखी एक पडदा आहे. तो पाण्याला वाट देतो, मीठ आणि साखर मात्र सहजी आत शिरू देत नाही, आणि उकळलं की मोडतो. तो कशाचा बनलेला आहे?

पेशीत सर्वांत जास्त असतं पाणी, वजनाने साधारण सत्तर टक्के. बाकीच्यात मोठा वाटा प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं (डीएनए आणि आरएनए), कर्बोदकं आणि मेद यांचा. यादी एवढीच; ती पुस्तकात सविस्तर मिळेल. पडद्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी.

1925 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी माणसाच्या आणि इतर काही सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी घेतल्या. ही निवड फार विचारपूर्वक होती. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतले पडदेही नसतात. म्हणजे तिच्यातून मेद काढला तर तो बाहेरच्या पडद्याचाच, म्हणजे पेशीपटलाचाच. हा मेद त्यांनी पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरवला. थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. निष्कर्ष असा की पेशीपटलात मेदाचे दोन थर आहेत. या रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाणी टाळतात. म्हणून दोन्ही थरांच्या शेपट्या आत, एकमेकींसमोर येतात.

त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. सगळा मेद पेशींतून निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना भरून काढलं आणि उत्तर बरोबर आलं! असं उत्तर एका प्रयोगावर टिकत नाही. दुसऱ्या वाटेने जाऊनही तेच मिळावं लागतं. ते मिळालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर हे पटल दोन गडद रेषा आणि मध्ये फिकट पट्टा असं दिसलं. जाडी सुमारे 7 ते 8 नॅनोमीटर. अशी सव्वा लाखाहून अधिक पटलं एकावर एक रचली तर एक मिलिमीटर होतो.

शेवटचा प्रश्न, आनुवंशिक माहिती कोणत्या रेणूत असते? 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होते. एका प्रकाराभोवती आवरण होतं, तो उंदरांना मारायचा. दुसरा बिनआवरणाचा, निरुपद्रवी. आवरणवाले जिवाणू उष्णतेने मारून टोचले तर उंदीर जगायचे. पण ते मेलेले आणि निरुपद्रवी जिवंत असे एकत्र टोचले, तर उंदीर मरायचे आणि त्यांच्या रक्तात आवरणवाले जिवंत जिवाणू सापडायचे. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं होतं. नुसते मेलेले जिवाणू टोचलेले उंदीर नसते, तर ‘काही जिवाणू मेलेच नसतील’ या शंकेला उत्तर नव्हतं.

ते ‘काहीतरी’ शोधायला ऑस्वाल्ड एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. मेलेल्या जिवाणूंचा अर्क घेऊन त्यातला एकेक घटक ते नष्ट करत गेले. प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) टाकलं, आवरणाचा गुण तरीही बिनआवरणाच्या जिवाणूंकडे जात होता. आरएनए तोडणारं टाकलं, तरीही. डीएनए तोडणारं टाकलं आणि गुण जाणं थांबलं. हे 1944 साली प्रसिद्ध झालं. जीवशास्त्रात यापेक्षा स्वच्छ युक्तिवाद मला फार थोडे माहीत आहेत.

तरीही अनेकांना ते पटलं नाही. डीएनएमध्ये चारच प्रकारचे घटक, प्रथिनांत वीस. एवढी गुंतागुंतीची माहिती चार घटकांत कशी मावेल? अर्कात किंचितसं प्रथिन उरलंच असेल, असा आक्षेप आला. 1952 मध्ये हर्शी आणि चेस यांनी अगदी वेगळी वाट धरली. जिवाणूंवर हल्ला करणारा विषाणू म्हणजे प्रथिनाचं कवच आणि आत डीएनए. गंधक प्रथिनात असतं, डीएनएत नसतं, फॉस्फरसचं उलट. म्हणून त्यांनी काही विषाणूंमध्ये किरणोत्सारी गंधक घातलं आणि काहींमध्ये किरणोत्सारी फॉस्फरस, म्हणजे प्रथिन आणि डीएनए कुठे जातात याचा माग काढता येतो. फॉस्फरस बहुतांशी जिवाणूच्या आत गेला, गंधक बहुतांशी बाहेरच राहिलं.

‘बहुतांशी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. हा प्रयोग एव्हरींच्या प्रयोगाइतका काटेकोर नव्हता. थोडं गंधक जिवाणूंबरोबर राहिलंच होतं. पण वेगळा सजीव, वेगळी युक्ती आणि उत्तर तेच, म्हणून शंकेला जागा फार थोडी उरली. चार घटकांत एवढी माहिती मावते कशी, हा आक्षेप मात्र तसाच होता. त्यावर पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेने वाट दाखवली: माहिती घटकांच्या संख्येत नसून त्यांच्या क्रमात असते.