वाचतं ते महागाचं युनिट

मंडळी, घरात बचतीचा विषय निघाला की पहिला ओरडा मोबाइलच्या चार्जरवरून होतो. ‘बटण बंद केलं नाहीस!’ अहो, फोन महिनाभर रोज पूर्ण चार्ज केला तरी एक युनिट जळत नाही. त्याच खोलीत डोक्यावर ७५ वॉटचा पंखा दिवसाचे पंधरा तास गरगरत असतो आणि महिन्याला जवळपास ३४ युनिट खातो. त्याला कुणी बोलत नाही.

हिशेब सोपा आहे. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. आता महावितरणचं बिल काढून बघा. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे ५०० पर्यंत तिसरा. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यापेक्षा चांगलंच महाग पडतं. शंभरी ओलांडली की सगळीच युनिटं महाग होतात, असं काही जणांना वाटतं. तसं नाही, फक्त वरची होतात. पण गंमत अशी, की आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरचंच असतं. म्हणून बचत मोजताना सरासरी दर धरू नका, शेवटच्या टप्प्याचा धरा.

परत पंख्याकडे येऊ. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा तीस वॉटच्या आसपास चालतो. पंधरा तासांचा वापर असेल तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. २६० युनिट वापरणाऱ्या घरात असे तीन पंखे बदलले, तर ६० युनिट कमी होतात, आणि ती सगळी दुसऱ्या टप्प्यातली. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याचे सहाशे झाले. पंखा तीन हजारांचा असला तरी सव्वा वर्षात पैसे वसूल. नंतर त्याकडे बघायचीही गरज नाही. मला अशी बचत आवडते, जिच्यासाठी घरात रोज कटकट करावी लागत नाही.

दुसरी मोठी गोष्ट, जे काही तापतं ते. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. दोन हजार वॉटच्या गीझरला त्यासाठी पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. पहाटे पाचला लावून आठपर्यंत तसाच ठेवला, तर तो टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढत बसतो. आंघोळी एकापाठोपाठ उरका, झालं. एसीचं म्हणाल, तर स्टार लेबलच्या एसीचं मूळ तापमान, म्हणजे कंपनीने आधीच लावून दिलेलं तापमान, २४ अंशांवरच ठेवायचा नियम २०२० पासून लागू आहे. तापमान अंशभर वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. अठरावर लावून अंगावर गोधडी घेणारेही आपल्यातच आहेत!

आता गॅस. इथे मी बायकांना शिकवायला जात नाही, कारण वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरला लावण्याची अक्कल आपल्या घरांत आधीपासून आहे. एकच सांगतो. शिट्टी म्हणजे बाहेर पडलेली वाफ, म्हणजे तुमचाच गॅस. पहिली शिट्टी व्हायच्या बेतात आली की आच मंद करा. आतलं तापमान तेवढंच राहतं, डाळ तशीच शिजते. शिट्ट्या मोजून नव्हे, मिनिटं मोजून कुकर बंद करा. राजमा, छोले रात्रभर भिजवलेले हवेत, हे तर सगळ्यांना माहीत आहे. विसरतो आपण, एवढंच. आणि कुकर उतरवल्यावर लगेच वाफ सोडू नका. भात त्या वाफेवरच नीट मुरतो.

मागून विचारताहेत, आमचं बिल शंभर युनिटांच्या आतच येतं, आम्हीही पंखे बदलायचे का? नका बदलू. पंखा रात्रीचे आठच तास चालत असेल, तर वाचणार महिन्याला अकरा युनिट, तीही स्वस्तातली. पैसे वसूल व्हायला चारेक वर्षं जातील. आहे तो वापरा. हळू फिरायला लागला, तर नवा घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कंडेन्सर तेवढा बदलून बघा. बहुतेक वेळा दोष त्याचाच असतो आणि तो काही फार महाग नसतो.