पहिल्या खोलीतला रेडिओ

श्रोतेहो, नमस्कार.

काचेच्या एका लहानशा खोलीत तुम्ही जागे होता. झोपायला एक बंदिस्त पेटी, शेजारी टेबल, टेबलावर मग आणि एक रेडिओ. रेडिओवर नाचरी धून चाललेली असते, संपली की पुन्हा पहिल्यापासून. खोलीला दार नाही. वरून एका बाईचा आवाज येतो, यंत्रासारखा सपाट, आणि तुमचं स्वागत करतो. मग भिंतीत एक लंबगोल भोक उघडतं. त्यातून पलीकडे कुणीतरी बाई उभी दिसते. तुम्ही हललात की तीही हलते. तेव्हा कळतं, ती आपणच आहोत.

'पोर्टल' नावाचा व्हिडिओ गेम असा सुरू होतो. १० ऑक्टोबर २००७ रोजी तो बाजारात आला, पण एकटा नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाचं शहर आहे, तिथल्या व्हॉल्व्ह कंपनीने 'ऑरेंज बॉक्स' नावाचा एक संच काढला. 'हाफ-लाइफ २', त्याच्या कथेचे पुढचे दोन भाग, 'टीम फोर्ट्रेस २' आणि 'पोर्टल' असे पाच खेळ एका खोक्यात, आणि किंमत साधारण एका नव्या खेळाएवढी. लोकांनी खोका घेतला तो पहिल्या चारांसाठी. पोर्टल सगळ्यांत लहान होता, तीन-चार तासांत संपणारा.

या पाचही खेळांत तुम्ही जग बघता ते पात्राच्या डोळ्यांनी, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तुमच्या हातातली बंदूक दिसते. अशा खेळांना फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. नाव ऐकूनच बऱ्याच पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. हाफ-लाइफ २ हा मोठ्यांचा खेळ आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नये. पण या खोक्यात त्या बंदुकीचं हळूहळू काय होत गेलं, ते मला आज सांगायचं आहे.

हाफ-लाइफ २ चा नायक गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ. चष्मा लावणारा, दाढीवाला, आणि संपूर्ण खेळात एक अक्षरही न बोलणारा. तो सिटी १७ नावाच्या शहरात रेल्वेने उतरतो. पूर्व युरोपातल्या शहरांसारखं हे उदास शहर रेखलं ते मूळच्या बल्गेरियाच्या व्हिक्टर अँतोनोव्ह यांनी. स्टेशनवर मुखवटा घातलेला एक शिपाई पत्र्याचा रिकामा डबा मुद्दाम खाली पाडतो आणि तुम्हाला दरडावतो, उचल तो आणि टाक कचऱ्यात. अपमान तर होतोच, पण त्यातच तुम्ही वस्तू उचलायला आणि टाकायला शिकता. तोच डबा त्याच्या डोक्यात हाणायचीही सोय आहे, आणि खेळाडू ती वापरतात.

पुढे एका कालव्यापाशी सी-सॉसारखी वरखाली होणारी फळी लागते. वर चढायचं तर फळीच्या दुसऱ्या टोकावर सिमेंटचे ठोकळे रचावे लागतात. गोळीबाराच्या खेळात मध्येच तरफेचा नियम! मग हाती येते 'ग्रॅव्हिटी गन'. ती गोळ्या झाडत नाही, वस्तू खेचून घेते आणि जोरात फेकते. रेव्हनहोम नावाच्या उजाड गावात शिरताच कमरेतून चिरलेलं एक धड दिसतं, आणि भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं. पातं ओढून काढावं, तोच समोर एक झाँबी उभा राहतो. आता काय करायचं, ते कुणी सांगत नाही. सांगायला लागतही नाही.

पोर्टलमध्ये ही गोष्ट टोकाला गेली. वॉशिंग्टन राज्यातच डिजिपेन नावाची खेळनिर्मिती शिकवणारी संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली एक छोटा खेळ केला होता. व्हॉल्व्हच्या मंडळींनी तो पाहिला आणि त्या सगळ्या गटालाच नोकरीवर घेतलं. पोर्टल घडवणाऱ्या गटाची प्रमुख किम स्विफ्ट त्यांच्यातलीच. पोर्टलमधल्या तुमच्या बंदुकीने कुणी मरत नाही. ती फक्त भिंतीला दारं पाडते, एक निळं, एक नारिंगी. एकातून शिरलात की दुसऱ्यातून बाहेर.

आता रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून क्षणभर डोळे मिटा. समोर रुंद दरी आहे, उडी मारून ओलांडता येणार नाही अशी. तुमच्या मागे एक भिंत, आणि पायाशी खोल खड्डा. एक दार खड्ड्याच्या तळाशी पाडा, दुसरं मागच्या भिंतीत वर. आता खड्ड्यात उडी घ्या. खाली पडताना वेग वाढत जातो, तळाच्या दारातून तुम्ही आरपार जाता, आणि तोच वेग घेऊन भिंतीतल्या दारातून आडवे बाहेर फेकले जाता, थेट दरीच्या पलीकडे. दिशा बदलली, वेग तोच राहिला. संवेगाचं पुस्तकी सूत्र मला शाळेत पाठ होतं, पण ते पोटात गोळा येऊन समजलं ते या खड्ड्यात.

आणि हे शिकवण्याची पद्धत बघा. खेळ म्हणजे एकामागून एक खोल्या, प्रत्येकीत सोडवायचं एक कोडं. सुरुवातीला दारं आपोआप उघडतात. मग हाती बंदूक येते, पण तिच्यातून फक्त निळं दार निघतं. दोन्ही दारं तुमच्या ताब्यात येतात ती थेट अकराव्या खोलीत. माझ्या भाचीला मी हा खेळ दिला तेव्हा ती आठवीत होती. एका खोलीत वीस मिनिटं अडकली, मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मामा, एक शब्द नको." मग स्वतःच सुटली. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

सतराव्या खोलीत एक ठोकळा शेवटपर्यंत बरोबर न्यायचा असतो. खेळ करणाऱ्यांनी लोकांना खेळताना बघितलं, तर लोक तो वाटेतच विसरत होते. मग त्यांनी ठोकळ्यावर गुलाबी बदाम काढला आणि त्या यंत्रबाईच्या तोंडी त्याच्याविषयी दोन शब्द घातले. लोकांचा जीव त्याच्यावर इतका जडला की खोलीच्या शेवटी तो भट्टीत टाकायची वेळ येते तेव्हा हात थबकतो. माझाही थबकला होता. भट्टी वापरायची युक्ती शेवटच्या झुंजीत लागणार असते, ती इथे अशी शिकवलेली असते.

त्या यंत्रबाईचं नाव ग्लॅडॉस, आणि आवाज एलन मॅक्लेन यांचा. त्या ऑपेराच्या गायिका. शेवटी जॉनथन कोल्टन यांनी रचलेलं गाणं त्या ग्लॅडॉसच्याच आवाजात गातात. ऐकताना एकदम उमगतं, ही तर पहिल्या खोलीतल्या रेडिओवरची धून!

खोक्यातल्या टीम फोर्ट्रेस २ वरही लोकांचं मोठं प्रेम आहे. नऊ योद्धे, आणि प्रत्येक जण नुसत्या सावलीवरून ओळखता यावा असा रेखलेला. हाफ-लाइफची कथा मात्र एका मृत्यूवर तुटली, आणि पुढे काय झालं हे कळायला चाहत्यांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. ती वाट पाहणं मला अजून सलतं.

पोर्टल एकटा विकायला ठेवला असता तर किती जणांनी घेतला असता? मला वाटतं, फार थोड्यांनी. खोक्यात आहेच तर बघू म्हणून लोकांनी तो उघडला. २०१० साली इंडियानातल्या वॉबॅश कॉलेजने तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांबरोबर अभ्यासाला लावला, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला.

त्या रेडिओचं मात्र एवढ्यावर संपलं नाही. मार्च २०१० मध्ये अचानक खेळात ठिकठिकाणी रेडिओ दिसू लागले. एखादा उचलून नेमक्या जागी नेला की त्याचा लाल दिवा हिरवा व्हायचा आणि धून थांबून चित्रविचित्र आवाज यायचे. काही मोर्स कोडचे होते. काही आवाज हौशी रेडिओवाल्यांनी ओळखले. ध्वनीतून चित्र पाठवायची त्यांची जुनी पद्धत असते, तीच होती ही. त्यांनी ते आवाज संगणकात घातले, आणि एकेक ओळ करत धूसर चित्रं उमटली. पोर्टलचा दुसरा भाग येतो आहे, याची ती पहिली खूण होती.

तेव्हा हा खेळ सुरू कराल, तर त्या काचेच्या खोलीतून घाईने बाहेर पडू नका. तो रेडिओ जरा वेळ वाजू द्या.

नमस्कार.