दोन सेन्सर भांडले तर कुणाचं ऐकायचं?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात वारा पिसाळतो, तेव्हा पवनचक्कीला त्यातला बराचसा वारा सोडूनच द्यावा लागतो. हे काम पाती करतात. प्रत्येक पातं स्वतःच्या अक्षाभोवती वळतं, त्याला पिच म्हणतात. पातं 90 अंशांच्या आसपास वळवलं की वाऱ्याची पकड सुटते आणि चक्की मंदावते.

पातं किती वळवायचं हे कंट्रोलर, म्हणजे चक्कीचा संगणक, ठरवतो, सेन्सरच्या भरवशावर. सेन्सर खोटं बोलला तर?

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं अभ्यासासाठी 5 मेगावॅटची एक कागदावरची चक्की मांडलेली आहे. तिची पाती पूर्ण क्षमतेला मिनिटाला 12.1 फेरे घेतात, गिअरबॉक्स जनरेटरसाठी तो वेग 97 पट करतो. समजा पात्यांच्या वेगासाठी आपण दोन सेन्सर बसवले. एक सांगतो 12.1, दुसरा 13.3. तिसरा बसवून मतदान घेता येईल, पण साक्षीदार घरातच आहे. जनरेटरचा वेग 1174 दिसतोय, त्याला 97 नं भागा. 12.1. दुसरा सेन्सर बिघडलाय.

इथवर शाळेतलं गणित. प्रत्यक्षात शाफ्टला पीळ पडतो, मोजमापात खरखर असते, झोत येतो तेव्हा आकडे क्षणभर जुळतच नाहीत. मग किती फरक पडला की दोष म्हणायचं? मर्यादा घट्ट ठेवली तर चक्की उगाच बंद पडते, आणि चार खोट्या अलार्मनंतर पाचव्याकडे कुणी बघत नाही. सैल ठेवली तर दोष उशिरा कळतो. माझ्या मते या विषयातलं निम्मं कसब ही मर्यादा ठरवण्यातच आहे.

ओडगार्ड, स्टाउस्ट्रुप आणि किनार्ट या संशोधकांनी 2009 मध्ये, असे दोष ओळखण्याच्या पद्धती तपासण्यासाठी, 4.8 मेगावॅटच्या चक्कीचं एक प्रारूप इतर संशोधकांपुढे ठेवलं. त्यात एक दोष मोठा खट्याळ आहे: पिचच्या हायड्रॉलिक तेलात हवा शिरते. पातं वळतं, पण आळसावून. अशा वेळी चक्की थांबवायची गरज नसते. हुकूम सौम्य करायचे, वीज थोडी कमी घ्यायची आणि दुरुस्तीपर्यंत चालवायचं. समुद्रातल्या चक्कीसाठी हे फार मोलाचं, कारण समुद्र खवळलेला असेल तर तंत्रज्ञ बोटीनं तिथं पोचूच शकत नाही.

पण काही दोष चालवून घ्यायचे नसतात. लाइन गेली की काय होतं बघा. जनरेटरवरचा भार नाहीसा होतो, चक्की उधळू लागते. आणि नेमकी त्याच क्षणी पाती वळवणाऱ्या मोटरची वीजही जाते. म्हणून हबमध्ये, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात त्या मधल्या भागात, प्रत्येक पात्याला स्वतंत्र बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर (झटकन वीज देणारा साठा) असतो, हायड्रॉलिक असेल तर दाब साठवलेली टाकी. एक पातं अडकलं तरी उरलेली दोन चक्की आवरतात. 22 फेब्रुवारी 2008 ला डेन्मार्कमध्ये हॉर्नस्लेटजवळ वादळात एक चक्की आवरलीच नाही. पातं मनोऱ्यावर आदळलं आणि सगळा डोलारा कोसळला. चित्रफीत बघितली नसेल तर जरूर बघा.

याच्याही खाली सुरक्षा साखळी असते: अतिवेगाचा रिले (वेग हाताबाहेर गेला की आपोआप प्रवाह तोडणारा स्विच), कंपनाचा स्विच, लाल बटण, सगळं एकाच मालिकेत. सारं ठीक असेल तोवरच प्रवाह वाहतो. उंदरानं वायर कुरतडली तरी चक्की थांबणार. इथं कंट्रोलरचं मत कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

आता त्या बॅटरीकडे या. हबमध्ये ती रात्रंदिवस गरगरते, तापते, आणि वर्षभर तिला फारसं काम नसतं. ती निकामी झाली तरी एरवी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून मंद वाऱ्यात एकेक पातं निव्वळ बॅटरीवर वळवून बघायचं आणि सेकंद मोजायचे. त्या कागदावरच्या चक्कीत पातं सेकंदाला जास्तीत जास्त 8 अंश वळतं, म्हणजे 90 अंशांना अकरा-बारा सेकंद. मागच्या वेळी बारा लागले होते आणि आज पंधरा लागत असतील, तर ती पुरती बसायची वाट न बघता बदलून टाका.