नळीत फुंकल्यानंतरची पंधरा मिनिटं

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री उशिराची नाकाबंदी. गाडीची काच खाली होते, पोलीस नळी पुढे करतो आणि म्हणतो, "फुंका." यंत्र वाजतं, त्यावर आकडा उमटतो. पुढच्या क्षणी चालकाचा हात फोनकडे जातो. "एक मिनिट साहेब, जरा यांच्याशी बोला." पलीकडे कुणाचा मेहुणा असतो, कुणी पुढारी असतो, कधी खात्यातलाच ओळखीचा अधिकारी असतो. झोपेतून उठलेला असला तरी तो बोलतो. शब्द टाकला नाही तर उद्या तोंड कसं दाखवायचं, याची काळजी त्यालाही असते.

आज मला या फोनबद्दल बोलायचं आहे. दारू पिऊन गाडी चालवणारा पकडला जातो तेव्हा आपण, म्हणजे पकडला न गेलेली बाकीची सगळी माणसं, कसे वागतो त्याबद्दल बोलायचं आहे.

कुणी चिरडून मेलं की आपण पोलीस ठाण्यासमोर जमतो. "जामीन मिळालाच कसा? किती खाल्ले?" असं विचारतो. आणि आपलाच भाऊ किंवा भाचा नाकाबंदीत सापडला की म्हणतो, "दोनच पेग घेतले होते, पोलिसांना काही दुसरं काम नाही का?" या दोन्ही वेळचा राग मनापासूनचा असतो. म्हणूनच त्याकडे नीट बघायला हवं. माझं म्हणणं असं आहे की या बाबतीत पोलिसांवर लोकांचा विश्वास बसतो तो शिक्षा किती कडक आहे यावरून नाही. ती नळी सगळ्यांपुढे सारखीच धरली जाते का, यावरून बसतो. आणि ती सारखी धरली जाऊ नये म्हणून जोर लावणाऱ्यांत आपणही असतो.

ब्रिटनचं उदाहरण सांगतो. ९ ऑक्टोबर १९६७ पासून तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्याने ठरली, १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. तपासणीसाठी पोलिसांच्या हातात एक काचेची नळी आली. तिच्यात पिवळे स्फटिक असायचे. चालकाने तिच्यातून फुगा फुगवायचा, आणि श्वासात अल्कोहोल असेल तर स्फटिक हिरवे व्हायचे. हा कायदा लागू झाला तेव्हा बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री होत्या. त्यांना शिव्यांची आणि धमक्यांची पत्रं आली. स्वतःला गाडी चालवता येत नाही आणि ही बाई आम्हाला शिकवते, असंही लोक म्हणाले. आधीच्या मसुद्यात पोलिसांनी कुणालाही, कुठेही थांबवून तपासावं अशी तरतूद होती. लोकांच्या विरोधापुढे ती गळाली. पिण्याचा संशय आला, वाहतुकीचा नियम मोडला किंवा अपघात झाला, तरच तपासणी करायची असं ठरलं.

तरीसुद्धा पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिक संख्येने कमी झाले. लोक घाबरले होते. पण पुढच्या काही वर्षांत ही भीती ओसरली. आपण पकडले जाण्याची शक्यता फारच थोडी आहे, हे लोकांच्या अनुभवाला आलं. कोर्टात तांत्रिक मुद्द्यांवर माणसं सुटतात, हेही दिसलं. मग लोक पुन्हा पहिल्यासारखेच पिऊन गाडी चालवू लागले. कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात झालं. १७ डिसेंबर १९८२ पासून तिथे सरसकट तपासणी सुरू झाली. संशय असो वा नसो, ज्याला थांबवलं त्याने फुंकायचंच. पाद्री असो, न्यायाधीश असो, घरी निघालेली परिचारिका असो. पहिल्या वर्षभरात राज्यातल्या चालकांच्या साधारण एक तृतीयांश इतक्या तपासण्या झाल्या. जीवघेणे अपघात जवळपास एक पंचमांशाने घटले, आणि हा परिणाम टिकला. तीन वर्षांच्या प्रयोगानंतर कायदा कायम झाला. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे लोकांचा पाठिंबा कमी न होता वाढत गेला. ज्यांची स्वतःची गाडी अडवली गेली होती त्यांचाही. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात हीच पद्धत १९७६ पासून होती, पण सुरुवातीला तपासण्या इतक्या तुरळक होत्या की फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसती पद्धत असून भागत नाही, ती रोज रस्त्यावर दिसावी लागते.

लोक एवढे राजी का झाले असतील? मला वाटतं, सगळ्यांना फुंकायला लावलं की कुणाचा अपमान उरत नाही. पोलिसाने तुमचा चेहरा, तुमची गाडी, तुमचे कपडे बघून तुम्हाला निवडलेलं नसतं. आणि ज्याला निवडलं नाही त्याला सोडण्याचं मोलही पोलिसाच्या हाती राहत नाही.

अर्थात, ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा माणसांना अडवणं हाही प्रश्नच आहे, आणि तो क्षुल्लक नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पोलिसांनी एका नाक्यावर १२६ गाड्या थांबवल्या. प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद लागले. दोघांना अटक झाली. या २५ सेकंदांवरून वाद थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. पण प्रकरण परत राज्यात आलं तेव्हा मिशिगनच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की आमच्या राज्याच्या स्वतःच्या घटनेत हे बसत नाही. ज्या नाक्यासाठी एवढी मोठी लढाई जिंकली, तो त्या राज्यात चाललाच नाही. २५ सेकंदांना किंमत असते असं मानणाऱ्या लोकांचा मला आदर वाटतो. पण रस्त्यावर येणारा माणूस दुसऱ्याच्या जीवाची जोखीम बरोबर घेऊन येतो, म्हणून ते २५ सेकंद द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच. द्यायचे असतील तर सगळ्यांनी द्यायचे.

आता त्या पंधरा मिनिटांकडे येतो. गैरसमजाचं मोठं कारण तिथे आहे.

पहिल्या फुंकरीत आकडा जास्त आला की नियमाने काम करणारा पोलीस काय करतो? चालकाला बाजूला बसवतो, पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर नजर ठेवतो आणि मग पुन्हा फुंकायला लावतो. याला कारण आहे. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या द्रवाने चूळ भरली असेल किंवा ढेकर आली असेल, तर तोंडातच रेंगाळलेलं अल्कोहोल यंत्राला भलताच मोठा आकडा दाखवतं. यंत्राला मोजायची असते ती फुप्फुसात खोल गेलेली, रक्ताशी देवाणघेवाण झालेली हवा. तोंडातला अंश काही मिनिटांत उडून जातो. म्हणून थांबायचं. आरोपीवर अन्याय होऊ नये म्हणूनच ही पंधरा मिनिटं ठेवलेली आहेत.

पण रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला काय दिसतं? पकडलेला माणूस निवांत बसलाय, पोलीस शेजारी उभा आहे, कुणी काही लिहीत नाही. बघणारा लगेच म्हणतो, "मांडवली चालली आहे." पोलिसांनी तोंड उघडून "दुसरी चाचणी होणार आहे, इतक्या वाजता होणार आहे" असं सांगितलं तर निम्मे संशय जागच्या जागी विरतील. सहसा ते सांगत नाहीत. आणि खरी मांडवलीही याच पंधरा मिनिटांत होते, हेही तितकंच खरं आहे. त्यामुळे बघणाऱ्याला सरसकट खोटं ठरवता येत नाही. म्हणूनच पहिल्या चाचणीची वेळ आणि आकडा तिथल्या तिथे छापला गेला पाहिजे, आणि कागद चालकाच्या हातात पडला पाहिजे. छापलेला आकडा फोनवरून खोडता येत नाही.

पुढचा टप्पा अटकेचा. इथे वेळेला फार मोल आहे. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. अपघातानंतर चार तासांनी रक्त घेतलं तर सुमारे ६० मिलिग्रॅम हिशेबातून गेलेले असतात. भारतात मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे अपघाताच्या वेळी ९० वर असलेला माणूस चार तासांनी मर्यादेच्या काठावर येतो. उशीर झाल्यावर लोक संतापतात तो संताप अनाठायी नाही. उशीर म्हणजे पुरावा विरघळणं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ तर असं सांगतं की कलम १८५ खाली, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झालेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. मग रुग्णालयातली रांग, गाडी नसणं, डॉक्टर जागेवर नसणं, यातलं काहीही त्या माणसाला सोडवू शकतं. लोक नाव घेतात पोलिसांचं. कधी दोष पोलिसांचा असतो, कधी मोडकळीला आलेल्या व्यवस्थेचा. कोणता दोष कुणाचा, हे घड्याळाच्या नोंदी बघितल्याशिवाय कळत नाही. जाब विचारायचाच असेल तर या नोंदी मागाव्यात.

जपानमध्ये २००६ साली फुकुओकात एका पुलावर दारू प्यायलेल्या चालकाच्या धडकेने एक कुटुंब गाडीसह पाण्यात पडलं आणि तीन लहान मुलं गेली. देश हादरला. २००७ मध्ये तिथे कायदा बदलला. प्यायलेल्या चालकाच्या गाडीत जाणूनबुजून बसणारा आणि त्याला दारू पुरवणारा, या दोघांनाही शिक्षेची तरतूद झाली. पुढे आणखी एक गोष्ट लोकांना सलत राहिली. अपघात करून पळायचं, नशा उतरली की हजर व्हायचं, म्हणजे शिक्षा कमी. लोकांनी हे लावून धरलं, आणि प्यायल्याचा पुरावा चुकवण्यासाठी पळणं हाच वेगळा गुन्हा ठरला. तो कायदा २०१४ पासून अमलात आहे. संतापाला नेमकी दिशा मिळाली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

जामिनाबद्दल थोडक्यात बोलतो. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालेपर्यंत हजर राहण्याची ती हमी असते. "पोलिसांनी सोडून दिला" असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा तो कोर्टाच्या किंवा कायद्याच्या नियमाने बाहेर आलेला असतो. इथे आरडाओरडा करून हाती काही लागत नाही. आरोपपत्र कधी दाखल झालं, रक्ताच्या नमुन्याचं सील शाबूत होतं का, तो कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, हे विचारावं. खटले तिथे जिंकले आणि हरले जातात.

दुसरीकडे, ताब्यात घेतलेला माणूस हा माणूसच असतो, हेही आपण विसरतो. अडखळणारी जीभ, झोकांड्या, भांबावलेली नजर ही लक्षणं दारूचीच असतात असं नाही. रक्तातली साखर घसरलेला मधुमेही असाच दिसतो. डोक्याला मार लागलेला असाच दिसतो. पक्षाघाताचा झटका आलेलाही असाच दिसतो. "उतरली की उठेल" म्हणून कोठडीत टाकलेली माणसं सकाळी उठली नाहीत, असं जगभर घडलेलं आहे. म्हणून कोठडीतल्या प्यायलेल्या माणसाला अधूनमधून उठवून बघणं आणि शंका आली की डॉक्टरला बोलावणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. ते केल्याबद्दल "लाड करतात" असं म्हणू नका.

आणि ते व्हिडिओ. नाक्यावर कुणी बरळतंय, शिवीगाळ करतंय, रडतंय, आणि दहा फोन वर होतात. बाई असेल तर वीस होतात. तिच्या कपड्यांवर, तिच्या घरावर, ती कुणाबरोबर होती त्यावर लोक काय काय बोलतात ते इथे सांगण्यासारखं नाही. गुन्हा पिऊन गाडी चालवण्याचा आहे, त्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिच्यात जन्मभराची बदनामी कुठेही नाही. पोलीस मारहाण करत असतील, पैसे मागत असतील, तर जरूर चित्रण करा, तो पुरावा आहे. धुंद माणसाची विटंबना करण्यासाठी केलेल्या चित्रणाने रस्ता सुरक्षित होत नाही. आणि जे पोलीस स्वतःच असे व्हिडिओ बाहेर सोडतात, ते आपल्याच कारवाईचं वजन घालवतात.

"अमुक चौकात नाकाबंदी आहे, सांभाळून" असे संदेश आपण उपकार म्हणून पाठवतो. तो संदेश कुणाच्या कामाचा? न प्यायलेल्याच्या तर नाही. फ्रान्सने २०२१ मध्ये यावर उपाय केला. मद्य तपासणी चालू असलेल्या ठरावीक भागात, ठरावीक वेळेपुरतं, गाडीतल्या अॅपना पोलिसांची जागा दाखवायला मनाई करता येते. नियम असो वा नसो, पाठवण्याआधी त्या चौकाला वळसा घालून पुढे कोण जाणार आहे, याचा विचार करा.

पोलीस खात्यालाही एक सांगायचं आहे. सर्वाधिक विश्वास उडतो तो खात्यातलाच कुणी प्यायलेला सापडतो आणि त्याला गुपचूप घरी सोडलं जातं तेव्हा. त्या एका रात्रीची बातमी वर्षभराच्या प्रामाणिक कामावर पाणी फिरवते. खात्यातल्या माणसाची चाचणी वेगळ्या अधिकाऱ्याकडून व्हावी आणि तिचा निकाल लेखी राहावा. एवढं झालं तरी लोकांना ते कळतं.

आता शेवटी पुन्हा त्या फोनकडे. तो एखाद्या रात्री तुम्हालाही येईल. पलीकडून पोरगा घाबरलेला असेल, "बाबा, साहेबांशी बोला" म्हणेल. तेव्हा बोला जरूर, पण सोडा असं म्हणू नका. दुसरी चाचणी झाली का, ते विचारा. कागदाची प्रत मागा. त्याला मधुमेह आहे, अमुक औषध चालू आहे, हे सांगा. गाडी पोलिसांकडेच राहू दे, सकाळी कागदपत्रं घेऊन येतो म्हणा. वकिलाचा नंबर शोधा, आणि त्याला आणायला तुम्ही स्वतः जा.

नमस्कार.