खोटं वाक्य कोणतं?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात तालुका वार्ताहराने दिलेलं व्याख्यान)

मंडळी, पाच वर्षांआधी मी एक बातमी दिली होती. निंदणाला गेलेल्या बाईला साप चावला. घरच्यांनी तिला आधी आश्रमात नेलं. तिथं पायाला दोरा बांधला, अंगारा लावला, दवाखान्यात नेलं तर मंत्र उतरतो म्हणून सांगितलं. आरोग्य केंद्र तिथून चार किलोमीटरवर होतं. बाई वाचली, पण पायाची दोन बोटं कापावी लागली. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-दोरे करणं हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सरळ गुन्हा आहे.

बातमी आली त्या सकाळी एसटी स्टँडवरचे सगळे अंक साडेसहाच्या आत संपले. मला आनंदच झाला. मग कळलं, एकाच माणसानं गठ्ठे उचलले होते. आठ दिवसांनी रजिस्टरनं वकिलाची नोटीस आली. भावना दुखावल्या, माफी मागा, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते सांगा. मी ती चारदा वाचली. साप, दोरा, बाई, बोटं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. नंतर किराणावाला म्हणाला, "भाऊ, उद्यापासून नको येऊ. मले तरास होते." भाद्रपदात पोरीला भुलाबाईच्या गाण्यांना कोणी बोलावलं नाही. ती फाटकाशी उभी राहून दुसऱ्या अंगणातली गाणी ऐकत होती. ते मी विसरू शकत नाही.

ही रीत जुनी आहे. १८६० साली मुंबईत करसनदास मुळजी यांनी आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टात जाणं हा त्यांचा हक्कच होता. पण त्यासोबत भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं, महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, दिली तर जातीबाहेर. तरीही डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. महाराजांवर आपण कोणत्या आजाराचे उपचार केले ते त्यांनी भर कोर्टात सांगितलं. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूनं लागला.

हरियाणातल्या सिरसाच्या रामचंद्र छत्रपतींच्या वाट्याला त्याहून वाईट आलं. 'पूरा सच' हे त्यांचं छोटं सांजदैनिक. २००२ मध्ये त्यांनी डेरा सच्चा सौदा या तिथल्या पंथाच्या आश्रमातल्या एका साध्वीचं निनावी पत्र छापलं. २४ ऑक्टोबरला घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २१ नोव्हेंबरला ते गेले. त्याच पत्रावरून सुरू झालेल्या चौकशीत २०१७ मध्ये डेराप्रमुख बलात्काराचा दोषी ठरला. त्या दिवशी पंचकुल्यात वाहिन्यांच्या गाड्या जळाल्या.

भक्तांना लागतं ते खरंच लागतं, मंडळी. ज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्याच्याबद्दल असं वाचणं सोपं नाही. माझा राग त्यांच्यावर नाही. संस्थेवर आहे, जी त्यांच्या दुखण्याआड उभी राहते आणि खोटं वाक्य कोणतं ते सांगत नाही. खुलासा पाठवा ना, जिथं बातमी आली तिथंच तो छापायला आम्ही बांधील आहोत. बातमीआधी मी दोनदा आश्रमात गेलो होतो, दोन-दोन तास गेटवर बसलो होतो. कोणी बोलायला आलं नाही.

त्या अख्ख्या गावात एकाच माणसानं मला बातमीबद्दल विचारलं. आमच्या गल्लीतली आजी, तीस वर्षं त्याच आश्रमाच्या आरतीला जाणारी. ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"बाबू, हे खरं हाय का रे?"

मी म्हटलं, "आजी, त्या बाईच्या घरी जाऊन तिलेच पुसा."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिनं काय पाहिलं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आजही ती आरतीला जाते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोट्ट्याला साप चावला. लोक आश्रमाकडे वळत होते, तेव्हा रस्त्यात आडवी होऊन ऑटो आरोग्य केंद्राकडे वळवला तो तिनंच.